दुखणं वायरच्या मानेत

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे येतो तेव्हा त्याच्या बॅगेत चार कपडे आणि एक गेम कंट्रोलर असतो. गेल्या वर्षी दुसऱ्याच दिवशी तो कंट्रोलर हातात घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "मामा, लाइटच लागत नाहीये." मी चष्मा पुसला, स्क्रू ड्रायव्हर काढला आणि तिथंच चुकलो.

वायरवाल्या कंट्रोलरमध्ये सेल नसतो. त्याचं पोट चालतं ते यूएसबीतून येणाऱ्या पाच व्होल्टवर. दिवा लागत नाही म्हणजे ते पाच व्होल्ट वाटेत कुठंतरी अडले, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ. ती वाट प्लगपासून चालत यायची सोडून मी थेट मुक्कामाचं दार फोडायला निघालो. मागचे स्क्रू काढले, तरी कवच हलेना. शेवटचा स्क्रू स्टिकरखाली दडलेला असतो हे मला कवचाचा एक कान मोडल्यावर कळलं. उघडताच ट्रिगरची स्प्रिंग उडाली. ती सोफ्याखाली सापडायला अर्धा तास गेला.

आत सगळं नव्यासारखं. मग आठवण झाली वायरची. प्लग लॅपटॉपला लावून वायर बोटाबोटाने वाकवत गेलो. कंट्रोलरच्या तोंडाशी जो रबरी गळा असतो, तिथं वाकवल्यावर दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. सापडलं! मुलं खेळून झालं की वायर कंट्रोलरभोवती करकचून गुंडाळतात, खेळताना ओढतात, आणि तो सगळा ताण त्या बोटभर जागेवर येतो. वरचं प्लास्टिक धडधाकट दिसतं, आतला तांब्याचा धागा मात्र तुटलेला असतो.

हे कवच न उघडता दोन मिनिटांत कळलं असतं. म्हणून माझ्या नादाने कुणी स्क्रू ड्रायव्हर हाती घेणार असेल तर आधी दुसऱ्या पोर्टला लावून बघा, तोही हबमधून नको, थेट. मग वायर अशीच वाकवत जा. वायर सुटी निघणारी असेल तर दुसरी लावून बघा, पण ती फोनच्या चार्जरबरोबर आलेली स्वस्तातली नसावी. तसल्या काहींमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, माहितीच्या नसतात. दिवा लागेल आणि गेममध्ये पान हलणार नाही. विंडोजमध्ये रनच्या चौकटीत 'जॉय डॉट सीपीएल' टाइप केलं की जोडलेल्या कंट्रोलरची यादी येते. दिवा लागतो पण यादीत नाव नाही, तर संशय माहितीच्या तारांवर घ्यावा.

माझी दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडली. दोष सापडल्याच्या आनंदात मी वायर बोर्डाच्या अगदी तोंडाशी कापली आणि जुने डाख वितळवून उरलेले तुकडे ओढून टाकले. ती अडीच मीटरची वायर होती. गळ्यापाशी दहा सेंटिमीटर गेले तरी कुणाचं काही अडत नव्हतं, तेव्हा खराब तुकडा टाकून तीच पुन्हा जोडायची हा विचार बरोबर होता. फोटो मात्र काढला नाही. लाल, पांढरी, हिरवी, काळी, असा क्रम डावीकडून पाठ केला. मग डाख द्यायला सोयीचं म्हणून बोर्ड पालथा केला आणि त्याच पाठ क्रमाने, डावीकडून, तारा मागच्या बाजूने भोकांत घातल्या. बोर्ड पालथा केला की डावं ते उजवं होतं, हे मला त्या घटकेला सुचलं नाही. पुढच्या बाजूला व्ही, डी मायनस, डी प्लस, जी अशी बारीक अक्षरं छापलेली होती, पण त्यांवर कारखान्याने गरम गोंदाचा गोळा बसवला होता. तो खरवडायचा मला आळस.

प्लग लावला. लॅपटॉपने पोर्टवर जास्त वीज खेचली जात असल्याची पाटी दाखवली आणि पोर्ट बंद केलं. मी बोर्डावरच्या काळ्या चिपवर बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. जळक्या प्लास्टिकचा वास आला. भाचा काही बोलला नाही; त्यानं खिडकी उघडली.

लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केल्यावर पोर्ट सुधारलं, हे नशीब. कंट्रोलर मात्र गेला. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याने बोर्ड उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "काका, वायरच तुटली होती ना? मग ह्याला कशाला मारलंत?"

त्याच्याकडूनच शिकलो ते सांगतो. यूएसबीच्या चपट्या प्लगमध्ये डोकावलं तर चार पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन किंचित लांब, त्या विजेच्या. मधल्या दोन आखूड, त्या माहितीच्या. प्लग खुपसताना आधी वीज पोचावी म्हणून ही लांबी. स्वस्त वायरींमध्ये आतल्या रंगांवर भरवसा ठेवू नका. प्लग फोनच्या चार्जरला लावा, सोललेली टोकं एकमेकांना शिवू न देता दूर धरा आणि मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून मोजा. पाच दिसले तर तांबडी पिन धन तारेवर आहे, उणे पाच दिसले तर उलटी. मगच चार्जर काढून डाख द्या, बोर्डावरच्या अक्षरांकडे बघत. डाख दिल्यावर बीपवर ठेवलेला मीटर कडेच्या दोन पट्ट्यांना लावा. वाजला तर प्लग कुठंही लावू नका, आत शॉर्ट आहे. दोन-अडीचशे रुपयांचा पिवळा मीटर यासाठी पुरतो. आणि कवच मिटण्याआधी आतल्या बाजूला वायरला केबल टाय आवळा, म्हणजे ओढ डाखापर्यंत जात नाही.

यंदाच्या मे महिन्यात भाचा नवा कंट्रोलर घेऊन आला. पहिल्याच संध्याकाळी खेळ संपवून तो वायर गुंडाळायला लागला, दोन वेढे करकचून घेतले, माझ्याकडे बघितलं आणि ते सोडून वायर सैल वेटोळं करून ठेवली. जुन्याची वायर मी जपून ठेवली आहे. ती धड आहे, फक्त दहा सेंटिमीटर आखूड.