लेक आठवीत गेला, आता एवढं ऐक

अगं, बघता बघता तुझा लेक आठवीत गेला. ह्याच वयाच्या मुलांना मी वर्षानुवर्षं शिकवलंय, म्हणून मावशीच्या नात्याने चार गोष्टी सांगते. मनावर घे.

पहिली, घरापासून सुरुवात कर. दारू-गांजा फार पुढचं. त्याआधी येते घरातली मिश्री, आजोबांसाठी आणलेली तंबाखूची पुडी आणि वरातीत "घे रे एक घोट, मोठा झालास" म्हणत काकाने पुढे केलेला ग्लास. पुडी आणायला मुलाला धाडू नकोस. त्या काकाला तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत अडव. भीड धरू नकोस. मुलाच्या हाती दारू-तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

दुसरी, स्वस्त वस्तूंवर नजर ठेव. 'एम्स'ने केंद्र सरकारसाठी केलेली देशभराची पाहणी २०१९ मध्ये आली. हुंगायची नशा तेवढी मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त, असं त्यात दिसलं. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्यूशन. मुठीत चुरगळलेला ओला रुमाल, बाहीवर पांढरे डाग, नाका-ओठांभोवती पुरळ, कपड्यांना रंगाच्या दुकानासारखा वास. हे दिसलं तर सर्दी म्हणून सोडून देऊ नकोस. दप्तरात पेनड्राइव्हसारखी, फळाच्या वासाची वस्तू सापडली तर ती ई-सिगारेट असू शकते. २०१९ पासून तिच्या विक्रीवर बंदी आहे, तरी ती मुलांपर्यंत पोचते.

तिसरी, निसरड्या वेळा ओळख. शेवटचा पेपर सुटल्यावर, विसर्जनाच्या रात्री, थर्टी फर्स्टला, सहलीत. मित्रांसमोर 'नाही' म्हणणं मुलांना जड जातं, म्हणून वाक्य घरीच घोकून घे: "नको रे, उद्या मॅच आहे." आणि त्याला सांगून ठेव, "कुठेही अडकलास तर फोन कर. मी न्यायला येईन, त्या रात्री एक शब्द विचारणार नाही." मग तो शब्द पाळ.

चौथी, सापडलाच तर आधी त्याचा जीव सांभाळ. हुंगताना दिसला तर ओरडत मागे धावू नकोस. त्या अवस्थेत दचकून पळाल्याने हृदय अचानक बंद पडू शकतं. शांतपणे मोकळ्या हवेत आण. दारूने शुद्ध हरपली असेल तर लिंबूपाणी, मिठाचं पाणी काही पाजू नकोस; कुशीवर वळव, १०८ ला फोन कर, त्याच्यापाशी बसून राहा.

बोलणं दुसऱ्या दिवशी, पोटभर खाऊ घालून. हात उगारू नकोस. केव्हापासून, कुणाबरोबर, घेतल्यावर कसं वाटतं, हे विचार आणि मध्ये न तोडता ऐक. एकदाच चाखून पाहिलं की रोजची गरज झाली, हे त्यातूनच कळेल.

मदतीची गरज वाटली तर 'लोक काय म्हणतील' ह्यात महिने घालवू नकोस. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठी सरकारचा मोफत क्रमांक आहे. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. शंका खोटी ठरली तर एक फेरी वाया जाईल, एवढंच. ती जाऊ दे, पण उशीर करू नकोस.