मोडायचे कोठे, हे आधी ठरवावे

पेटीतून काढून थेट अंगणात सोडावा, असा रिमोटवर चालणारा जो ट्रक लहान मुलांसाठी म्हणून विकला जातो, तो मोडतो; आणि तो मोडूच नये असा हट्ट धरणे म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या स्वभावाविरुद्ध फिर्याद गुदरणे होय. भाच्याच्या ट्रकाचा, आणि ओघानेच त्याच्या सोबत्यांच्या गाड्यांचा, दुरुस्तीचा मामला बराच काळ माझ्याकडे चालत आल्यामुळे माझे असे मत झाले आहे की, मोडतोड टाळण्याचा अधिकार पालकास नाही, परंतु ती कोठे व्हावी हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्यास निश्चित आहे. आणि तो त्याने बजावला नाही, तर गाडी आपल्या मर्जीने, म्हणजे बहुधा सर्वांत खोल आणि सर्वांत महाग ठिकाणी मोडते.

‘मामा, मोटर नुसती ओरडते, गाडी जागची हलत नाही,’ ही भाच्याची पहिली तक्रार. उघडून पाहिले तेव्हा मोटरच्या दांड्यावरील लहानशा धातूच्या पिनियनने शेजारच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या चक्राचे, ज्यास स्पर गिअर म्हणतात त्याचे, दाते एका बाजूने साफ खरवडून काढले होते. आमचे मेव्हणे स्वभावतःच उदार; दुकानदाराने सुचवताच त्यांनी प्लॅस्टिकच्या जागी पोलादी स्पर गिअर बसवून घेतला आणि हा विषय कायमचा मिटला असे सर्वांस वाटले. पुढे एकदा भरधाव ट्रक फुटपाथच्या कडेला अडकला, भाच्याचे बोट रिमोटच्या ट्रिगरवरून हलेना, आणि पोलादी चक्राने न स्वीकारलेला तो आघात पुढे सरकत पाठीमागच्या गिअरबॉक्सात शिरून आतील डिफरन्शियलचे दाते घेऊन गेला. वरच्या वर बदलता आले असते अशा एका स्वस्त चक्राऐवजी आता सारा मागचा भाग सोडवण्याची पाळी आली. तो प्लॅस्टिकचा स्पर गिअर घरातल्या फ्यूजच्या तारेच्या जागी होता. तार वितळते म्हणून तेथे जाड खिळा बसवणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही, परंतु खेळण्याच्या बाबतीत मात्र तोच उपाय ‘अपग्रेड’ या नावाने सन्मानपूर्वक विकला जातो. ज्या ट्रकांत स्लिपर क्लच असतो, त्यांत हे काम तो करतो; त्याचे नट आवळून टाकण्याचा मोह आवरावा, कारण जोराच्या धक्क्याला किंचित घसरणे हेच त्याचे कर्तव्य आहे.

आता, दाते मुळात गेले का, हा प्रश्न उरतोच, आणि येथे थोडे थांबून पाहणे अगत्याचे आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही आपली पहिली रेडिओनियंत्रित गाडी बाजारात आणली ती सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने. ती जोडणाऱ्यास प्रत्येक स्क्रू हाताखालून घालावा लागे, व त्यामुळे कोणता स्क्रू कोठे कितपत घट्ट आहे, याची रुजवात आपोआप होऊन जाई. तयार गाडीत ती रुजवात कोणीच केलेली नसते. मोटर ज्या स्क्रूंनी पट्टीला धरलेली असते ते कंपनाने सैल होतात, मोटर केसभर मागे सरते, पिनियन आणि स्पर यांचे दाते केवळ टोकांवर एकमेकांस धरू लागतात, आणि मग दोष मुलाच्या चालवण्यावर ढकलला जातो. यास्तव नवी गाडी पहिल्या फेरीस सोडण्यापूर्वीच टेबलावर घ्यावी. वहीच्या कागदाची एक पट्टी फाडून ती दोन्ही चक्रांच्या दात्यांमध्ये घालावी, मोटर स्पर गिअरकडे हलकेच दाबून धरून स्क्रू आवळावेत आणि चक्र फिरवून पट्टी काढून घ्यावी. एवढ्याने दात्यांत हवे तेवढे, म्हणजे बोटाने हलवून पाहता जेमतेम जाणवेल इतके, अंतर राहते. पिनियनचा बारीक ग्रब स्क्रू मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवरच टेकला आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे, कारण मोटर फिरते आणि गाडी फिरत नाही, या तक्रारीचे दुसरे कारण बहुधा तोच असतो.

जेथे धातूचा स्क्रू धातूत जातो, तेथे तो कंपनाने सैल होऊ नये म्हणून निळ्या रंगाच्या थ्रेडलॉकचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा, एक थेंब पुरतो; लाल रंगाचे घेऊ नये, ते पुढे तापवल्याखेरीज सुटत नाही. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र हे द्रव्य लावण्यास माझी सक्त मनाई आहे, कारण अनेक प्लॅस्टिके त्याने ठिसूळ होऊन तडकतात. अशा स्क्रूसाठी जुन्या कारागिरांचा शिरस्ता पाळावा: स्क्रू प्रथम उलट फिरवावा, तो जुन्या आट्यांत बारीकशी टिचकी देऊन उतरला की मगच सुलट आवळावा, आणि हातास अडथळा जाणवताच थांबावे.

सुकाणूचा कारभार सर्व्हो नावाच्या एका इवल्याशा मोटरकडे असतो, आणि तिच्या पोटातील दातेही स्वस्त गाड्यांत प्लॅस्टिकचेच असतात. तिच्यावरील सर्व्हो-सेव्हर, म्हणजे धक्क्यासरशी सरकणारी ती स्प्रिंगची कडी, हे निर्मात्याने जाणूनबुजून ठेवलेले दुर्बळ स्थान आहे; ती फार ढिली वाटली तर बदलावी, पण ताठ दांडा बसवून तिला कामावरून दूर करू नये. मुलांना एक सवय असते, गाडी चालू असताना पुढची चाके हाताने वळवून पाहण्याची. सर्व्होचे जितके बळी मी पाहिले, त्यांतील बरेचसे दगडधोंड्यांनी नव्हे तर या कुतूहलाने घेतले आहेत.

मोटरीविषयी एकच तत्त्व ध्यानी धरले तरी पुष्कळ झाले. फिरणारी मोटर स्वतःच विरोधी विद्युद्दाब निर्माण करून आपल्यातून वाहणाऱ्या प्रवाहास लगाम घालते. अडकून थांबलेल्या मोटरीस तो लगाम राहत नाही, सबब ती सर्वाधिक प्रवाह नेमकी तेव्हाच खेचते जेव्हा तिच्याकडून काहीच काम होत नसते. उंच गवत, आसांभोवती गुंडाळलेले केस व दोरे, आणि पुढे धावत असतानाच मारलेला रिव्हर्स हे तिचे खरे वैरी होत. मोटरीवर बोट क्षणभरही ठेववत नसेल, तर खेळ तहकूब करावा, आणि थंड झाल्यावर चाके सोडून आसांवरचे केस कात्रीने काढावेत. वेग कमी करण्याची सोय पुष्कळ गाड्यांत असते. ती पहिले काही महिने चालू ठेवावी, मुलगा कितीही रुसला तरी.

बॅटरीच्या बाबतीत मात्र प्रश्न खर्चाचा नसून सुरक्षिततेचा आहे, आणि येथे मी उदारपणा मुळीच दाखवीत नाही. निकेल-मेटल-हायड्राइडच्या सहा सेलांचा ७.२ व्होल्टचा संच बराच सोशिक असतो, लिथियम-पॉलिमरचा नसतो. त्याचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपुढे भरू नये आणि ३ व्होल्टखाली उतरू देऊ नये, व हे दुसरे राखण्यासाठी गाडीच्या स्पीड कंट्रोलमध्ये जी निवड असते ती खरोखर लिथियमवर आहे की नाही, हे माहितीपत्रकाच्या सूक्ष्म अक्षरांत शोधून पाहावेच लागते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नये. कोणतीही बॅटरी गरम असताना चार्ज करू नये, आणि रात्री सर्व मंडळी झोपल्यावर तर नाहीच. गाडी आणि रिमोट यांचा क्रमही मुलास पाठ करून घ्यावा: चालू करताना रिमोट आधी, बंद करताना गाडी आधी, नाहीतर रिमोटच्या आज्ञेविना जागी असलेली स्वस्त गाडी कोठे धावेल याचा जामीन कोणी राहू शकत नाही.

पेटीवर ‘वॉटरप्रूफ’ असे छापलेले असते, ते प्रायः आतील विद्युत भागांपुरते. बेअरिंगांना ते अभय लागू नाही. कोकणात सुटीला गेलेल्या गाड्या परत येतात त्या वरून धुतलेल्या आणि आतून गंजलेल्या. समुद्राच्या वाळूत ट्रक चालवू नये असेच मी सांगतो. तरीही चालवलाच, तर त्याच संध्याकाळी बॅटरी काढून, गोड्या पाण्याने हलकेच धुऊन, पूर्ण वाळवून बेअरिंगांत हलक्या तेलाचा थेंब सोडावा. गेलेली बेअरिंगे आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी या तीन मापांवर मिळतात. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर माप सांगितले की पुरते, गाडीचे नावही विचारले जात नाही.

खरेदीच्या वेळी दुकानदार ताशी किलोमीटर सांगू लागेल. ते ऐकून घ्यावे, आणि मग या गाडीचा स्पर गिअर, सर्व्हो आणि पुढची सस्पेन्शनची भुजा सुटी मिळते काय, हे विचारावे. मिळत असल्यास गाडीबरोबरच दोन स्पर गिअर घेऊन पेटीत टाकावेत. ‘बिघडली तर नवीनच घ्या, साहेब’ असे उत्तर आले, तर मुलाची समजूत काढण्याचे काम तेथल्या तेथे उरकून दुसरे दुकान गाठावे.