चेहरा उठून दिसावा म्हणून

येवला हे पैठणीचे गाव. नाशिक जिल्ह्यात ते आहे. येथे अनेक घरांत हातमाग चालतात.

पैठणीचा पदर जवळून पाहा. जमीन जरीची, पिवळी. तिच्यावर रंगीत रेशमाचा मोर. हा मोर लांबून का दिसतो? रेशीम जास्त घातले म्हणून नव्हे. जमिनीचा रंग एक आणि मोराचा दुसरा, म्हणून तो दिसतो. दोन्ही एकाच रंगाचे असते, तर मोर हरवून गेला असता.

चेहऱ्याचेही तसेच आहे. काही बाया तोंडभर पावडर थापतात. मग पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसते. चेहरा पांढुरका होतो आणि नाकडोळे पुसट होतात. चेहरा उठून दिसायला पांढरा रंग लागत नाही. डोळे, भुवया, कपाळ आणि ओठ, एवढ्या चारच जागा नीट रेखाव्या लागतात.

आधी तोंड स्वच्छ धुवा आणि कोरडे करा. पावडर लावायचीच तर अगदी थोडी लावा आणि फडक्याने पुसून घ्या.

मग काजळ. खालच्या पापणीच्या केसांशी बारीक रेघ ओढा. बाहेरच्या कोपऱ्यात ती किंचित जाड करा. डोळा लगेच मोठा दिसतो. भुवयांचे केस लहान फणीने एका बाजूला वळवा.

मग कुंकू. आपल्या आज्या कपाळाला आधी मेण लावत आणि त्यावर कोरडे कुंकू टेकवत. त्यामुळे कुंकू पसरत नसे. कडा साफ राहिली की कुंकू लांबूनही दिसते. सावळ्या कपाळावर गडद लाल कुंकू फार शोभते. टिकलीच्या डिंकाने काही जणींच्या कपाळाला खाज सुटते, पांढरा डागही पडतो. तसे झाले तर ती टिकली सोडा आणि डॉक्टरांना दाखवा.

शेवटी ओठ. ते फुटलेले असतील तर थोडे तूप लावा. रंग हवा तर अगदी हलका लावा. झाले!

आता महत्त्वाची गोष्ट. बाजारात कोणी म्हणते, "हे मलम लाव बाई, आठ दिवसांत गोरी होशील." अशा बोलण्याला भुलू नका. सावळा रंग हा काही रोग नव्हे. त्याला औषध कशाला?

अकोल्याची गोष्ट ऐका. २०२३ च्या सुरुवातीला ती वर्तमानपत्रांत आली होती. एका घरातील तिघींनी गोरे होण्याचे मलम लावले. तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळून लघवी तयार करणारा अवयव. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते मलम तपासले. त्यात पारा निघाला! पारा कातडीतून अंगात जातो. नियम असा आहे, की अशा मलमाच्या दहा लाख भागांत पाऱ्याचा एका भागाहून जास्त अंश असू नये.

सुरम्याचेही भय असते. काही सुरम्यात शिसे असते. शिसे पोटात गेले तर लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. मूल डोळे चोळते आणि तोच हात तोंडात घालते. म्हणून तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालू नये. काजळही घालू नये. एकीचे काजळ दुसरीने वापरू नये. डोळे आले असतील तर त्याने साथ पसरते.

मग चांगली डबी कशी ओळखावी? तुम्ही आता वाचायला शिकला आहात. ती विद्या इथे वापरा. डबी उलटी करा. तिच्यावर करणाराचे नाव आणि पत्ता आहे का? परवान्याचा क्रमांक आहे का? कधीपर्यंत वापरायची, ती तारीख आहे का? पुष्कळदा अक्षरे इंग्रजी असतात. मग शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. पण डबीवर काहीच छापलेले नसेल, तर ते तुम्हालाही दिसते. अशी डबी दुकानदाराला परत द्या. "स्वस्त आहे, घेऊन जा," असे तो म्हणेल. तरी घेऊ नका.

पुरुष वाचकांनो, हा धडा बायकांचा म्हणून सोडू नका. पुष्कळ घरांत बाजारातून डबी आणणारे तुम्हीच असता. तुम्हीही वाचून घ्या.

लक्षात ठेवा : रंग थोडा, जागेवर आणि डबी वाचून.

सांगा पाहू :
१. पदरावरचा मोर लांबून का दिसतो?
२. कुंकवाखाली मेण का लावत असत?
३. अकोल्याच्या मलमात काय निघाले?
४. तुमच्या घरातील एक डबी आणा. तिच्यावर काय काय छापले आहे, ते वहीत लिहा.