पाणी अंगावरून ओळखावं

माकणी, ता. लोहारा

चि. सोनू,


तुझे लिनोचे ठसे मिळाले. विहिरीत मुटका मारणारं पोरगं झकास उतरलंय. पण पाणी म्हणून नुसत्या नागमोडी रेघा ओढल्यास, ते पटलं नाही.

लिनोत कोरलेलं पांढरं राहतं, न कोरलेलं शाई घेतं. म्हणजे पाणी काढायचं नसतं, राखायचं असतं. काळा पट तसाच ठेव. ऊन चमकतं तेवढ्याच जागी कोरणी लाव. बाकीचं माणसाच्या अंगावर सोड. कमरेइतक्या पाण्यातून चालणारा छाती पुढं टाकतो, कोपरं वर धरतो. पाणी त्याला किती अडवतंय हे पाठीच्या बाकावरून कळतं. पाण्यातले पाय वरून आखूड दिसतात, कारण पाण्यातून हवेत येताना प्रकाश वळतो आणि तळ उचलल्यासारखा भासतो. तेव्हा अंग पाण्याच्या रेषेशी बेधडक तोड आणि खालचा भाग जरा सरकवून आखूड कर. शरीरशास्त्राचे मास्तर ओरडतील, ओरडू देत.

जपानी चित्रकार होकुसाईची लाट (१८३१च्या सुमाराची) तू पाहिलीच असशील. सगळे तिचा फेस बघतात. तू त्या तीन होड्यांतली माणसं बघ. चेहरे बारके, पण एका मापात वाकलेल्या पाठींतून लाटेचा धाक कळतो. आपल्याकडे रविवर्म्याचं गंगावतरण घे. मुंबईत १८९४ साली निघालेल्या आणि पुढं मळवलीला गेलेल्या त्याच्या छापखान्यामुळं अशी चित्रं घरोघरी गेली. त्यात गंगा अजून वरच आहे, पण पाय रोवून वर बघणाऱ्या शंकराकडं पाहून येणाऱ्या धारेचा जोर कळतो.

आणखी एक. ठसा उलटा उमटतो. इथं निम्न तेरणाच्या धरणावर उजव्या हातानं जाळं फेकणारा तुझ्या कागदावर डावखुरा होईल. शहरातल्या प्रदर्शनात कुणी विचारणार नाही, पण आपल्या गावातला जाळंवाला पहिल्या नजरेत हसेल. कोरण्याआधी रेखाटन आरशात धरून बघ.

दिवाळीला आलीस की धरणावर जाऊ. वही आण, मोबाइल खिशात राहू दे; फोटोत पाणी थिजतं आणि वजन कुठं पडलंय ते हाती लागत नाही. पुढचे ठसेही टपालानंच पाठव. चमच्यानं घासताना कडेला शाई कमी चढलीये, ती या खेपेला बघ.

तुझा,
नानाकाका