एलीच्या घराचा न्याय
(पाठ : १ शमुवेल २ व ४)

शिलो येथे एली याजकाचे पुत्र हफनी व फिनहास हे चरबीचे हवन होण्यापूर्वीच लोकांपासून कच्चे मांस बळाने घेत. एलीने त्यांस तोंडाने दोष दिला, परंतु आवरिले नाही. पुढे पलिष्ट्यांशी झालेल्या लढाईत दोघेही एकाच दिवशी पडले. कराराचा कोश जवळ होता, तरी त्याने त्यांचे पाप झाकले नाही. कारण देव पवित्र आहे, आणि न्यायाचा आरंभ तो आपल्याच घरापासून करितो (१ पेत्र ४:१७). म्हणून, प्रियजनहो, शेजाऱ्याचे दोष सांगण्यापूर्वी आम्ही पाळक, उपदेशक व मंडळीचे लोक दानपेटीचा, आपल्या मापांचा व मुलांचा हिशेब पाहू या. एलीप्रमाणे आपण केवळ बोलून थांबलो काय? पश्चात्तापाचे दार आज उघडे आहे. ख्रिस्ताने आपला दंड सोसिला आहे.