थंडीची सुट्टी

माझे बाबा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात कामाला आहेत. मागच्या डिसेंबरात मी दोन दिवस त्यांच्या खोलीवर राहायला गेले होते. आजीने स्वेटर, कानटोपी आणि वर गोधडी पण बांधून दिली. तिथं जाऊन बघते तर काय, रात्री पंखा चालू! आणि आमच्या गावात त्याच रात्री शेकोटी पेटली होती.

परत आल्यावर मी गुरुजींना कारण विचारले. गुरुजी म्हणाले, समुद्राचे आणि खाडीचे पाणी लवकर तापत नाही आणि लवकर गारही होत नाही. म्हणून जवळची हवा फार थंड होत नाही. शिवाय सिमेंटच्या इमारती दिवसभर ऊन साठवतात आणि रात्री ती ऊब सोडतात. आपले गाव समुद्रापासून लांब, चहूकडे मोकळे रान. थंडीत आभाळ निरभ्र असते. ढग म्हणजे जमिनीची गोधडीच. ती नसली की जमिनीची ऊब वर निघून जाते.

मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी तापमान ७.४ अंशांवर उतरले होते. (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एमआयडीसी स्थापन झाली. वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत.) पण ७.४ अंशांना स्वेटर घालून शाळेत बसता येते. पाण्याचा बर्फ व्हायला शून्य अंश लागतात.

काश्मीरमध्ये तसेच होते. रस्त्यावर बर्फ साचतो, गाड्या घसरतात, नळातले पाणी गोठते. म्हणून तिथल्या मुलांना मोठी सुट्टी हिवाळ्यात असते, आपल्यासारखी मे महिन्यात नाही. दिल्लीत बर्फ पडत नाही, तरी जानेवारी २०२४ मध्ये थंडीमुळे पाचवीपर्यंतच्या शाळा बंद ठेवल्या होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर धुरामुळे मुलांना घरूनच शिकवले. थंड हवा जड असते, ती जमिनीलगत बसून राहते आणि धूरही तिच्यात अडकतो. वागळे इस्टेटला सकाळी येऊरचा डोंगर मला धुरकट दिसला, तो यामुळेच असेल.

मी आईला म्हणाले, आपल्याला पण थंडीची सुट्टी पाहिजे होती. आई म्हणाली, "पावसाची मिळते ती पुरे नाही का गं?"

खरंच, आपली शाळा पावसाने बंद होते. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. मी ते भिंतीवर पट्टीने मोजले, माझ्या छातीच्या जरा खाली आले. त्या पुरात पुष्कळ माणसे गेली.

१९ ऑगस्ट २०२५ ला आपल्याला अशीच सुट्टी होती. आधी मी उड्या मारल्या. पण ओढ्याला पाणी आले, आई शेतावर अडकली, आणि शाळा नाही म्हणजे खिचडी पण नाही. मी धाकट्या भावाला चहात भिजवून भाकरी दिली. बाबांच्या कारखान्याला सुट्टी नव्हती. आई संध्याकाळी भिजून आली आणि बाबांचा फोन लागेपर्यंत जेवायला बसलीच नाही.