फोटोच्या पाठीवरचं साल

आमच्या वाचनालयात जुन्या फोटोंच्या काही पेट्या होत्या. गावातल्या घरांनी विश्वासानं दिलेल्या. ते फोटो आम्ही स्कॅन केले, संगणकावर यादी केली आणि सारा ठेवा विकिमीडिया कॉमन्सवर चढवायचं ठरवलं. २००४ पासून चालणाऱ्या या सामायिक भांडारातलं चित्र कोणत्याही भाषेतल्या विकिपीडियाला वापरता येतं. ग्रंथपाल म्हणून यादी मी केली. पुढे जी चूक झाली, तीही माझीच.

नदीच्या घाटाच्या एका फोटोमागे फिक्या शाईत ‘१८९०’ लिहिलं होतं. सालाच्या रकान्यात मी तेच भरलं. इतका जुना फोटो म्हणून हक्काच्या रकान्यात ‘मुदत संपली’ आणि छायाचित्रकाराच्या जागी ‘अज्ञात’ लिहिलं.

काही महिन्यांनी एक गृहस्थ १९६८ सालची स्मरणिका घेऊन आले. तिच्यात तोच फोटो छापलेला. “ताई, हा माझ्या वडिलांनी काढलाय. आमचा स्टुडिओ होता. तुम्ही त्यांचं नावच घातलं नाहीत.”

१८९० हे शकातलं साल होतं. ज्या घरातून पेटी आली, तिथे सगळं शकातच लिहीत. तशी चिठ्ठीही पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली होती. आम्ही फोटो स्कॅन केले, चिठ्ठी केली नाही.

आपल्या कायद्यानं छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे १९६८ साली काढलेल्या या फोटोचा हक्क निदान २०२८ अखेरपर्यंत तरी आहे. मी त्या गृहस्थांची माफी मागितली, फोटो काढून टाकण्याची विनंती पाठवली. तो निघालाही. पण तोवर ‘१८९०’ या सालासह तो इतरत्र उतरवला गेला होता. त्या प्रती परत आणणं माझ्या हातात नाही.

आपला संग्रह असा कॉमन्सवर चढवू पाहणाऱ्या वाचनालयांना म्हणूनच कळकळीनं सांगते:

सालासाठी दोन रकाने ठेवा. एकात फोटोवर आहे तसंच लिहा, दुसऱ्यात इसवी सन. शकात ७८ मिळवा. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातला फोटो असेल तर ७९. खात्री नसेल तिथे ‘अंदाजे’ लिहायला संकोच करू नका.

फोटोची मागची बाजू, पाकीट, अल्बमचं पान, पेटीवरची चिठ्ठी, सगळं स्कॅन करा. वाचनालयातल्या माणसांना जे न सांगता ठाऊक असतं, ते फोटोबरोबर बाहेर जात नाही. ते लिहूनच पाठवावं लागतं.

हक्काचा रकाना सर्वांत शेवटी भरा. फोटो कुणी काढला, प्रथम कुठे आणि केव्हा छापला, हे आधी शोधा. फोटोची प्रत दान मिळाली म्हणजे हक्क मिळाला असं नाही. परवानगी लेखी घ्या. कॉमन्सवर दिलेला परवाना मागे घेता येत नाही आणि तिथलं चित्र व्यापारासाठीही वापरता येतं, हे परवानगी देणाऱ्यांना सही घेण्यापूर्वी समजावून सांगा. शंका असेल तो फोटो वाचनालयातच दाखवा.

जुनी यादी श्रीलिपीसारख्या फॉन्टात असेल तर ती युनिकोडमध्ये आणून ओळ न् ओळ मूळ यादीशी ताडून पाहा. जोडाक्षरं बिघडतात आणि आडनावं बदलून जातात.

दाखल क्रमांक प्रत्येक फाइलच्या नावात आणि वर्णनात असू द्या. बाहेरच्या कुणी दुरुस्ती सुचवली, तर त्याच क्रमांकावरून ती आपल्या यादीतही करता येते. नाहीतर दोन ठिकाणी दोन सत्यं नांदू लागतात. मूळ टिफ फाइल मात्र स्वतःकडेच जपा.

आणि आधी फक्त वीस फोटो घ्या. त्यांच्या छापील प्रती वाचनालयात मांडा, गावातल्या जुन्या माणसांना बोलवा. हे मी केलं असतं तर स्टुडिओवाल्यांचं नाव पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगितलं असतं.

आज आमच्या दाखल नोंदवहीत त्या फोटोपुढे शके १८९०, इ. स. १९६८ अशी नोंद आहे. ‘अज्ञात’ खोडून तिथे त्या गृहस्थांच्या वडिलांचं नाव लिहिलं आहे. ते अक्षर त्या गृहस्थांचंच आहे. नोंदवही मी त्यांच्यासमोर ठेवली होती.